दोरीवरचे बिऱ्हाड

आमच्या घरी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आजवर पुष्कळ वादावादी झाली आहे. ती सैल झाली की कोणी ताणायची, ओले टॉवेल तिच्यावर किती दिवस लोंबत ठेवायचे, आणि पायपुसणी देवाच्या वस्त्राशेजारी घालावीत की नाही, हे आमच्या संसारातले सनातन प्रश्न. परंतु त्या दोरीवर आमच्याखेरीज आणखी कोणी संसार थाटील आणि सबंध घराला आपल्या तालावर नाचवील, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसले असते. आणि २०२३ सालच्या सुरुवातीला तर हसण्याची सवयच आमच्या घराने सोडली होती.

आम्ही पुण्यात कोथरूडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरी आहे म्हणायची. तीत चार माणसे उभी राहिली तर पाचव्याने आत थांबावे. एक तुळस, एक रिकामे सिलिंडर, ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेले मोडके स्टूल आणि ती दोरी, एवढाच तिचा ऐवज. समोर कुंपणालगत शेवगा आणि पलीकडे रस्त्यावर एक जुना पर्जन्यवृक्ष. पंचवीस वर्षे मी त्या झाडांकडे पाहिले ते दोनच कारणांनी: शेंगा धरल्या का, आणि पानांचा कचरा आज कोण झाडणार. पक्षी असतीलच त्यांच्यावर; पण आपल्याकडे माणसाचा पक्ष्यांशी संबंध काऊ-चिऊच्या घासापुरता. मूल चार वर्षांचे झाले की तो तुटतो, तो एकदम पितृपक्षात गच्चीवर वाडी ठेवून कावळ्याची मनधरणी करताना पुन्हा जुळतो.

त्या जानेवारीत संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता. ह्यांच्या उजव्या हातातून दाढीचा ब्रश गळून पडला. ते उचलायला वाकले आणि तसेच खाली बसले. मी धावत गेले तर माझ्याकडे पाहून काहीतरी सांगत होते. पण तोंडातून शब्द येत होते ते कोणत्याच भाषेतले नव्हते.

‘पक्षाघात,’ डॉक्टर म्हणाले. पक्ष म्हणजे बाजू आणि पक्ष म्हणजे पंखही, हे मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आले. एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ आमच्या घरी पाठोपाठ मुक्कामाला येतील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

हे सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात कारकून म्हणून चिकटले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. बोलण्याची भारी हौस. देशाच्या अंदाजपत्रकापासून पोह्यांतल्या मिठापर्यंत ज्यावर मत नाही असा विषय नाही. त्या माणसाला पाणी हवे असले की तोंडातून ‘किल्ली’ यावे, आणि आपण चुकलो हे त्याला स्वतःला कळावे, याहून वाईट शिक्षा मला सुचत नाही. समजत सारे होते. शब्द तेवढे दारात अडकत. चुकले की हे भिंतीकडे तोंड करून पडून राहत. पुढे पुढे त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडला.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येई. ती म्हणाली, ‘‘काकू, काकांना सकाळचं ऊन मिळू द्या. खुर्ची बाहेर टाका.’’ म्हणून गॅलरीतले मोडके स्टूल निघाले आणि खुर्ची आली. हे तीत बसत. डाव्या हाताने उजव्या हातात रबरी चेंडू कोंबून दाबत, आणि समोर पाहत. काय पाहत होते कोण जाणे. मी विचारीतही नसे, कारण विचारले की उत्तर द्यावे लागते.

होळीच्या सुमारास एके दिवशी दोरीच्या एका टोकाला मला जळमट दिसले. मी केरसुणीने काढून टाकले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा जळमट, वर थोडा काडीकचरा. तेही काढले. तिसऱ्या दिवशी मी केरसुणी उचलली आणि मागून ‘अं! अं!’ असा केवढ्यांदा तरी आवाज आला. हे डावा हात उगारून माझ्याकडे रागाने पाहत होते. दोन महिन्यांत प्रथमच ते माझ्यावर रागावले होते. मला इतके बरे वाटले म्हणता!

केरसुणी ठेवून मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. पाचेक मिनिटांत ती आली. अंगठ्याएवढी चिमुकली, पाठीने मातकट, पोटाशी फिकट पिवळी, आणि बाकदार चोच. चोचीत कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा. तो तिने दोरीला गुंडाळला, शेपटी हलवली आणि गेली. मी दोनदा ज्याला केर समजून झाडले होते तो तिच्या घराचा पाया होता.

तिला शिंजीर म्हणतात, सूर्यपक्षीही म्हणतात, हे पुढे कळले. तिचे बांधकाम आठवडाभर चालले. कोळ्याचे जाळे हा चुना, सालींचे कपचे नि वाळकी पाने ह्या विटा, आणि आतल्या गादीसाठी कापूस. तो आमच्याच फाटक्या दुलईतला, हे मी स्वतः पाहिले. लोंबती पिशवी, बाजूला दार, दारावर पावसाची झड येऊ नये म्हणून छज्जा. आर्किटेक्ट नाही, पागडी नाही. नवराही कामाला नाही. तो आपला डोक्यावर निळाहिरवा, पाठीला किरमिजी, पोटाला पिवळा असा झगझगीत पोशाख करून शेवग्याच्या फुलांवर बसे नि गात राही. मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी दुसरीकडे पाहिले.

मग घराची घडी बदलली. कपडे दिवाणखान्यातल्या खुर्च्यांच्या पाठींवर वाळू लागले. धुण्याच्या मावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘‘पाखरासाठी माणसांनी ओलं नेसायचं व्हय?’’ आणि चौथ्या दिवशी त्याच खालच्या पोरांना ‘हळू बोला रे, वर बाळंतीण हाय’ म्हणून दटावीत होत्या. पाडव्याला पेच पडला. गुढी दरवर्षी गॅलरीत, नेमकी त्याच कोपऱ्यात. शेवटी त्या वर्षी आमची गुढी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर डोकावली; साखरेच्या गाठीला मुंग्या आल्या, पण आतले अंडी उबवणे निर्वेध पार पडले.

वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी सांगून ठेवले होते की, जे दिसेल त्याचे नाव घ्यायला लावा. मी एरवी पेला, चमचा, चष्मा दाखवून थकले होते. चमच्याचे नाव घ्यावे असे त्या माणसाला वाटावेच का? आता मी बाहेर बोट दाखवू लागले. एके सकाळी शेवग्यावर शेंडी उभारून एक पक्षी बसला, काळपट, शेपटीच्या बुडाशी तांबडा. मी काही म्हणायच्या आत हे म्हणाले, ‘‘बुल.’’ मग थांबले. कपाळावर घाम आला. पुन्हा ‘‘बुल.’’ आणि मग दोन्ही जोडून, स्वच्छ, ‘‘बुलबुल.’’

एकच अक्षरजोडी दोनदा म्हणायची म्हणून हे नाव सोपे गेले असावे. पण त्यानंतर चार दिवस आमच्या घरी सगळेच बुलबुल झाले. काठी बुलबुल, औषधाची गोळी बुलबुल, तपासायला आलेले डॉक्टरही बुलबुल. एकदा मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘बुलबुल.’’ लग्नाला तेव्हा एकेचाळीस वर्षे झाली होती. एवढ्या काळात मला ‘अगं’, ‘ऐकलंस का’ आणि रागाच्या भरात ‘बाई, शाळा सुटली’ एवढ्याच संबोधनांची सवय. मी चहाचा कप ठेवला आणि आत जाऊन उगीचच डबे पुसत बसले.

त्याच आठवड्यात ह्यांनी खुणेने एक वही मागितली, आखलेली. डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी रकाने पाडले: तारीख, वेळ, आवक, जावक, शेरा. आयुष्यभर जे केले तेच हात पुन्हा शोधीत होता. मादी आली की आवक, गेली की जावक. शेऱ्यात एखादाच शब्द: ‘कापूस’. ‘कोळी’. नर येऊन नुसता गाऊन गेला की ‘कारण नाही’.

मार्च संपत आला होता. पिल्ले बाहेर आली होती; दाराशी दोन चोची दिसत. मी कणीक मळीत होते, आणि बाहेर काठी आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग सारखाच. मी पिठाचे हात घेऊन धावले. कावळा उडून गेला होता. पिशवी फाटून लोंबत होती. मादी दोरीवर ह्या टोकाहून त्या टोकाला नाचत होती, ओरडत होती, आणि हे खुर्चीत अर्धवट उठलेले, तोंड उघडे, शब्द नाही. त्यांनी सगळे डोळ्यांदेखत पाहिले होते, आणि ‘हाड्’ एवढे एक अक्षर त्यांना म्हणता आले नव्हते.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. वहीत त्या तारखेपुढे काही लिहिले नाही. मला कावळ्याचा इतका संताप आला होता, आणि तितकाच स्वतःचाही. दोन पिल्लांकरिता एवढे काय, असे कोणी म्हणेल. शेजारच्या काकूंनी म्हटलेही. पण त्या घरट्याशी आमचे काय काय बांधले गेले होते ते त्यांना कसे सांगावे? फाटकी पिशवी काढायला माझा हात होईना. कपडेही मी परत दोरीवर घातले नाहीत.

पंधरा-वीस दिवस गेले. एप्रिलच्या मध्यावर, दोरीच्या दुसऱ्या टोकाला, पुन्हा जळमट. तीच जोडी की दुसरी हे सांगण्याची विद्या माझ्यापाशी नाही; आम्ही तीच धरून चाललो. मी ह्यांना दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग देवघराकडे हात केला. मला वाटले नमस्कार करताहेत. त्यांना घंटा हवी होती.

तेव्हापासून पितळी घंटा त्यांच्या डाव्या हाताशी राहिली. कावळा शेवग्यावर टेकला की घणघण. खालच्या वहिनींनी जिन्यात विचारले, ‘‘हल्ली दिवसातून आठ-दहा वेळा आरती असते का हो तुमच्याकडे?’’ मी हो म्हटले. खोटे तरी कुठे होते?

ह्याच दिवसांत आमची नात रविवारी येऊ लागली. तिच्या फोनमध्ये अशी सोय आहे की, झाडाकडे धरला की आवाज ऐकून तो पक्ष्याचे नाव सांगतो. भर दुपारी कुठूनतरी ‘टुक, टुक, टुक’ चालले होते. फोनने इंग्रजी नाव सांगितले. ‘‘आजी, मराठीत काय?’’ मी म्हटले, ‘‘तांबट.’’ माझे माहेर कसबा पेठेतले, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी दुपारची झोप घणांच्या त्याच तालावर लागायची. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडायची ती अशीच, न थकता, न चुकता. फोनला तांबटाचे नाव कळले, पण तांबट आळी त्याला कुठून ठाऊक असणार? ह्यांनी घड्याळ लावून मोजले नि वहीत लिहिले: एका मिनिटात ११२ ठोके. शेरा: ‘दमत नाही’.

आणि मग माझ्या ध्यानात आले की आमच्या त्या दोन झाडांवर अख्खा गावगाडा नांदतो आहे. तांबट आहे, दोन पाने काठाशी जोडून शिवणारा शिंपी आहे, खोड ठोकून पाहणारा सुतार आहे, नदीकाठी शेपटी आपटीत चालणारा परीट हिवाळ्यात येतो, आणि आपल्याहून मोठ्या कावळ्या-घारींच्या मागे लागून त्यांना हद्दपार करणारा काळा कोतवालही आहे. ज्यांनी ही नावे ठेवली ती माणसे दाराशी बसून, हातातले काम करता करता, ह्या पाखरांकडे वर्षानुवर्षे पाहत असली पाहिजेत. पारव्यांबद्दल मात्र माझ्याकडून चांगला शब्द निघणार नाही. माझ्या धुतलेल्या खिडक्यांची त्यांनी जी दशा केली आहे, तिला कोणत्याही शेऱ्यात जागा नाही.

नातीने सलीम अलींचे पुस्तक आणून दिले. ते पहिल्याने १९४१ साली निघाले आणि अजून लोक विकत घेतात. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या ह्या माणसाचा पक्ष्यांशी परिचय झाला तो छर्‍याच्या बंदुकीने. गळ्याशी पिवळा ठिपका असलेली एक चिमणी त्यांनी मुलगा असताना पाडली; ती कोणती हे कळेना म्हणून बिचकत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी रागावण्याऐवजी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकेक उघडून दाखवले. मिलार्डसाहेब त्या दिवशी घाईत असते तर काय झाले असते, असे माझ्यातल्या शिक्षिकेच्या मनात राहून राहून येते. किती मुलांची चिमणी आपण ‘नंतर बघू’ म्हणून परत पाठवली असेल!

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरे बाळंतपण निर्विघ्न पार पडले. ह्या खेपेस बापही चोचीत आळ्या, कोळी घेऊन येत होता. तेवढ्यापुरते माझे त्याच्याविषयीचे मत मी बदलले. एके सकाळी पिल्लू दारातून डोकावले, परत आत गेले, पुन्हा डोकावले. पोहायला पहिल्यांदा विहिरीच्या काठावर उभे केलेल्या पोरासारखे. मग एकदम शेवग्यावर. पाठोपाठ दुसरे. हे खुर्चीचे हात धरून उभे राहिले होते. उजवा पाय थरथरत होता, मी आधाराला पुढे झाले तर हात झटकला. ‘‘गेली,’’ ते म्हणाले. आणि वहीत लिहिले: जावक, २.

पावसाच्या तोंडाशी आणखी एक गंमत पाहिली. पर्जन्यवृक्षावरच्या आमच्या वैऱ्याच्या घरट्यात एक पिल्लू सारखे तोंड वासून बसलेले, आणि कावळा-कावळी त्याला भरवून भरवून मेटाकुटीला आलेली. पिल्लू कोकिळेचे होते. शाळेत ‘परभृत’ शब्दाचा अर्थ मी किती वेळा सांगितला असेल, पण तो असा चोच वासून समोर बसलेला तेव्हाच पाहिला. ‘बरी जिरली’ असे म्हणायला मी तोंड उघडले होते. पण पावसात भिजून काळी ठिक्कर झालेली ती कावळी, स्वतः काही न गिळता, परक्याच्या पोराच्या घशात घास कोंबत होती. मी तोंड मिटले. त्या दिवसापासून उरलेला भात पुन्हा कठड्यावर ठेवू लागले. घंटा मात्र आत नेली नाही.

पक्ष्यांनी ह्यांना बरे केले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर डॉक्टर हसतील, आणि व्यायाम घेणाऱ्या त्या पोरीवर अन्याय होईल. उजव्या हाताने सही अजून येत नाही. काठी सुटलेली नाही. वाक्य मध्येच तुटते, आणि अंदाजपत्रकावरचे मत आता तीन शब्दांत आटोपते. हे काही वाईटच झाले असे नाही. पण सकाळी डोळा उघडला की हे भिंतीकडे वळत नाहीत. ‘‘वाजले किती?’’ विचारतात, कारण सव्वासातला बुलबुलाची आवक असते आणि ती चुकवून चालत नाही. मलाही आता सकाळी दहा मिनिटे काहीही न करता बसता येते. सासूबाई असत्या तर त्यांनी माझी प्रकृती विचारली असती.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले, म्हणजे नेमके सलीम अलींच्या जन्मदिवशी. रिकामी पिशवी तोवर दोरीवरच होती. आकाशकंदील तिच्याशेजारी लागला. फटाक्यांचा आवाज सुरू झाला तेव्हा ह्यांनी उठून गॅलरीचा दिवा मालवला. पिशवीत कोणी नव्हते हे त्यांनाही ठाऊक होते.

पुढच्या वर्षी शिंजीर आमच्याकडे न येता शेजारच्या काकूंच्या विजेच्या वायरीवर राहायला गेले. आमचा जो अपमान झाला तो आम्ही दोन महिने विसरलो नाही. काकू रोज दारात येऊन आपल्या बाळंतिणीच्या बातम्या सांगत आणि हे तोंडावर सौजन्य ठेवून ऐकत. कपडे वाळवायला मी घडीचा स्टँड घेतला आहे. सूनबाई म्हणते, ‘‘आई, आता ती दोरी काढून टाकू या का?’’ त्यावर ‘‘नाही’’ असे उत्तर आतून येते. हा शब्द ह्यांना पहिल्यापासून फार स्पष्ट येतो.

वहीचा आता चौथा खंड चालू आहे. डाव्या हाताचे अक्षर इतके सुधारले आहे की, माझ्या वर्गात असते तर मी दहापैकी सात दिले असते. ह्या दसऱ्याच्या आधी चार दिवस समोरच्या गच्चीवर परीट उतरला, करडा पांढरा, शेपटी खाली-वर करीत, जणू वर्षभराचे धुणे तुंबले आहे. हिमालयाकडून एवढा प्रवास करून तो आमच्या टाकीच्या गळक्या नळाशी येतो. ह्यांनी मला हाक मारून दाखवला, नाव न अडखळता घेतले, आणि नोंद केली: आवक, परीट, १. शेरा: ‘वेळेवर’. मग पट्टी घेऊन, सावकाश, जावकेच्या रकान्यात एक चौकोन आखून मोकळा ठेवला. तो उन्हाळ्याच्या तोंडाशी भरायचा आहे.